टर्नटेबल आणि व्हॉल्व्ह अँपला सबवूफर जोडायचाय? मग सबला हात सगळ्यात शेवटी

रविवारी सकाळी फोन येतो, "भावा, सब आणलाय पण नुसता घुमायलाय, जरा बघून जा की." मी जातो, चहा होतो, आणि बघतो तर प्रत्येक घरात तीच गोष्ट. खोका फोडला, मागं जिथं भोक दिसलं तिथं वायर घातली, शोकेस आणि भिंतीच्या मधे जागा उरली होती तिथं सब ढकलला, गेनचा (सबच्या आवाजाचा) नॉब अर्ध्यावर ठेवला आणि रेकॉर्ड लावली. घुमायला लागला की नॉब खाली, खाली घेतला की काहीच ऐकू येत नाही म्हणून परत वर, असं महिनाभर चालतं आणि मग त्या सबवर फुलदाणी येते.

सबची चूक दहातल्या आठ वेळा नसते. टर्नटेबल जे आधीपासनंच करत होतं, म्हणजे थरथर, मोटरची घरघर, वाकड्या रेकॉर्डचं हेलकावणं, ते तुमच्या छोट्या स्पीकरला दाखवताच येत नव्हतं. सब, म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणारा स्पीकर, ते दाखवतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका, त्यात सब चौथ्या टप्प्यावर येतो आणि सबचे नॉब सातव्या. अख्खा रविवार काढून ठेवा.

आणखी एक, डोक्यातनं मिरवणुकीतली डॉल्बी काढून टाका. तिथं छातीवर धक्का बसला पाहिजे, इथं सब चालू आहे हेच कळायला नको.

मी गृहीत धरतोय की तुमच्याकडं टर्नटेबल, फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल अँपला चालेल एवढा मोठा करणारा भाग, वेगळा किंवा अँपमधलाच), व्हॉल्व्हचा म्हणजे काचेच्या नळ्यांचा इंटिग्रेटेड अँप (प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच डब्ब्यात) आणि दोन बुकशेल्फ म्हणजे फळीवर मावणारे छोटे स्पीकर आहेत. टॉवर स्पीकर असले तरी क्रम तोच, आकडे थोडे बदलतील.

टप्पा १: पैसे द्यायच्या आधी सबची पाठ बघा

दुकानात सगळे समोरची जाळी बघतात. तुम्ही सब फिरवून मागची प्लेट बघा.

पहिली गोष्ट म्हणजे त्याला स्वतःचा पॉवर अँप पाहिजे, म्हणजे मेनची वायर पाहिजे. जुन्या होम थिएटरच्या सेटमधला नुसता डब्बा, ज्याला फक्त दोन स्पीकर वायरी येतात, तो व्हॉल्व्ह अँपला स्पीकरच्या जोडीनं लावायचा नाही. अँपवर दुप्पट भार पडतो आणि आवाजाचा चिखल होतो.

दुसरी, त्यावर हाय लेव्हल इनपुट आहे का. काही ठिकाणी त्याला स्पीकर लेव्हल लिहिलेलं असतं. व्हॉल्व्हच्या बहुतेक इंटिग्रेटेड अँपना सब आउट किंवा प्री आउट, म्हणजे सबला सिग्नल द्यायचं वेगळं सॉकेट, नसतो, त्यामुळं हाच आपला दरवाजा. यात सब सिग्नल घेतो तो थेट अँपच्या स्पीकर टर्मिनलवरनं, पण ताकद घेत नाही, कारण त्या इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) काही हजार ओहम असतो आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढं तो अँपला जाणवतही नाही. शिवाय तुमच्या अँपचा स्वभाव, तो खालचा जरा गोलसर आवाज, तसाच सबपर्यंत जातो आणि दोन्ही एका घरातले वाटतात.

तिसरी गोष्ट, बंद डब्बा घ्या, भोकाचा नको. भोकाचा सब त्याच्या ठरलेल्या फ्रीक्वेन्सीच्या खाली गेला की कोनवर हवेचा आवर राहत नाही, आणि रेकॉर्डमध्ये नेमकं तिथंच नको ते सगळं भरलेलं असतं. १२ बाय १५ च्या हॉलला ८ किंवा १० इंची बंद सब भरपूर झाला. १२ इंची घेऊन गेन पाचावर ठेवणारे मी बघितलेत, तो पैसा रेकॉर्डला लावला असता तर बरं.

सावध: परदेशातनं कुणी आणून दिलेला सब असेल तर व्होल्टेज बघा. ११५ व्होल्टचा सब आपल्या २३० ला लावला तर दुसऱ्यांदा लावायची वेळ येत नाही. काहींना मागं स्विच असतो, काहींना नसतो.

हाय लेव्हल इनपुट नसलेला सब आधीच घरात असेल तर कार ऑडिओवाल्यांकडं लाइन आउट कन्व्हर्टर मिळतो, तो स्पीकर लेव्हलचं लाइन लेव्हल (सीडी प्लेअर देतो तसा बारीक सिग्नल) करून देतो. चालतं. फक्त सबवर एलएफई लिहिलेल्या पिनेत घालू नका, तिथं बऱ्याच सबमध्ये क्रॉसओव्हर (ठराविक फ्रीक्वेन्सीच्या वरचं सबला न देणारा फिल्टर) बायपास होतो आणि मग गाणाऱ्याचा गळा सबमधनं यायला लागतो.

टप्पा २: सब खोक्यातच राहू द्या, टर्नटेबल सरळ करा

सगळ्यात जास्त वेळ इथं जाणार आहे आणि सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा गाळतात.

बैठक. टर्नटेबल कशावर ठेवलाय? स्पीकर ज्या लाकडी युनिटवर ठेवलेत त्याच्यावरच असेल तर पुढचं वाचायच्या आधी तो हलवा. नव्या घरांत स्लॅब आणि फरशी असते, तिथं जड स्टँड चालतो. पण आमच्या कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांत माडीला लाकडी तक्तपोशी असते, तिथं कुणी जिना चढला तरी निडल उडते, आणि सब लागल्यावर तीच तक्तपोशी ढोलकीच्या पुडीसारखी वाजते. अशा घरात एकच उपाय, भार पेलणाऱ्या जाड भिंतीला ब्रॅकेट. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडनं एल अँगलचं ब्रॅकेट करून घ्या, वर किचन ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा, मधे जाड रबराचे चार तुकडे. जुन्या भिंतीत खोल कोनाडा असेल आणि त्यात टर्नटेबल मावत असेल तर तुम्ही नशीबवान, पण झाकण उघडतंय का ते आधी मोजा. एका दोस्ताच्या कोनाड्यात आम्ही सगळं बसवलं आणि मग कळलं की झाकण अर्धंच उघडतंय, रेकॉर्ड तिरकी करून घालावी लागायची.

लेव्हल. गवंड्याकडची मोठी लेव्हल पट्टी नको, हार्डवेअरमध्ये छोटी गोल बुडबुड्याची मिळते ती प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्डच्या फिरत्या थाळीवर ठेवा. प्लॅटर लेव्हलला पाहिजे, टेबल नव्हे.

आर्म आणि कार्ट्रिजची जोडी. थोडं गणित आहे, घाबरू नका. टोनआर्म (रेकॉर्डवर फिरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा निडलवाला तुकडा) मिळून एका ठराविक फ्रीक्वेन्सीला आपोआप डोलतात. ती ८ ते १२ हर्ट्झच्या मधे असावी. त्याच्या खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डच्या हेलकाव्यात सापडते, वर गेली तर गाण्याच्या बेसमध्ये घुसते. हिशोब असा: आर्मचं इफेक्टिव्ह मास (निडलला जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूचं वजन ग्रॅममध्ये मिळवा, त्याला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सनं (निडल किती लवचीक बसवलीय त्याचा आकडा) गुणा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्यानं भागा. आर्म १२ ग्रॅम, कार्ट्रिज साडेसहा, स्क्रू अर्धा, म्हणजे १९. कम्प्लायन्स १२. गुणाकार २२८, वर्गमूळ १५.१, उत्तर साधारण साडेदहा हर्ट्झ. बेस्ट.

सावध: बऱ्याच जपानी कार्ट्रिजचा कम्प्लायन्स १०० हर्ट्झला मोजून छापलेला असतो आणि हा हिशोब १० हर्ट्झचा आहे. तो आकडा अंदाजे दीडपट ते दुप्पट धरा, नाहीतर उत्तर चुकीचं येईल आणि तुम्ही उगाच कार्ट्रिज बदलत बसाल.

आता वूफर बघा, ऐकू नका. रेकॉर्डच्या सुरवातीचा गाणं नसलेला भाग लावा, स्पीकरची जाळी काढा आणि टॉर्च मारून वूफरचा कोन बघा. आवाज नसताना तो आत-बाहेर सावकाश हलत असेल तर ते हेलकावे आहेत. रेकॉर्ड मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फिरते, म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा फेरा, त्यामुळं वाकलेल्या रेकॉर्डचा हेलकावा कानाच्या कितीतरी खाली असतो. पण अँपला तो दिसतो, आणि फोनो स्टेजला तर फारच, कारण आरआयएए मध्ये (रेकॉर्ड कापताना कमी केलेला बेस वाजवताना परत उचलायचा ठरलेला नियम) २० हर्ट्झचा आवाज १ किलोहर्ट्झच्या मानानं १९ डीबीच्या वर उचललेला असतो. छोट्या व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर या न ऐकू येणाऱ्या हलण्यात दमतो आणि गाण्याला ताकद उरत नाही.

यावर उपाय सबसॉनिक फिल्टर, म्हणजे कानाच्या खालचं कापणारा. तुमच्या फोनो स्टेजला बटण असेल तर दाबा. नसेल आणि कोन बोटभर हलत असेल तर फिल्टरवाला फोनो स्टेज घ्या, सबच्या आधी घ्या. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या खोलीत आडव्या रचून ठेवलेल्या रेकॉर्डला कुठलाच फिल्टर पुरत नाही हेही खरं, त्या उभ्या ठेवा.

तपासणी: मोटर बंद, रेकॉर्ड स्थिर, निडल रेकॉर्डवर. सिलेक्टर फोनोवर. एक हात व्हॉल्यूमवर ठेवून आवाज हळूहळू नेहमीच्या ऐकण्याच्या जागेपर्यंत न्या आणि थोडा पुढं. टेबलावर बोटानं हलकं टकटक करा. 'टक' असा कोरडा आवाज येऊन लगेच थांबला तर ठीक. 'टुंम्म' असं लांबलं किंवा आपोआप हुंकार वाढायला लागला तर आवाज लगेच खाली, आणि परत बैठकीवर काम करा. हा आवाज कुठल्या व्हॉल्यूमला आला ते कागदावर लिहून ठेवा, आठव्या टप्प्यात लागणार आहे.

टप्पा ३: वायर टेबलावर तयार करा, अँपच्या मागं वाकून नव्हे

हाय लेव्हलच्या वायरीतनं करंट जवळपास जात नाही, त्यामुळं जाड महागडी स्पीकर वायर लागत नाही. ०.७५ चौरस मिमीची तीन कोअर फ्लेक्सिबल वायर, लक्ष्मीपुरीत कुठंही मीटरवर मिळते. लांबी मोजताना सब शेवटी कुठं बसणार हे अजून ठरलेलं नाही हे लक्षात ठेवा, खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यापर्यंत पोचेल एवढी घ्या.

काही सबला स्पीकॉनचं (फिरवून अडकवायच्या प्लगचं) सॉकेट असतं. तो प्लग डॉल्बीवाल्यांचं सामान मिळतं तिथं हमखास मिळतो. कंपनीची तयार वायर असेल तर तिच्यात बहुतेक वेळा लाल म्हणजे उजवा प्लस, पिवळी म्हणजे डावा प्लस आणि काळी म्हणजे मायनस असते, तरी सबच्या पुस्तकात बघूनच पुढं जा.

अँपच्या बाजूच्या टोकांना बनाना प्लग किंवा लग लावा. नुसती तार पिळून घालू नका. एक केसाएवढी तार बाजूच्या टर्मिनलला टेकली की आउटपुट शॉर्ट.

तपासणी: वायर कुठंही जोडायच्या आधी मल्टिमीटरनं कोअर-कोअरमध्ये शॉर्ट नाही ना बघा. हे आत्ताच करा, कारण एकदा वायर व्हॉल्व्ह अँपला जोडली की प्लस-मायनसमध्ये मीटर एक ओहमपेक्षाही कमी दाखवतो. तो शॉर्ट नसतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी गुंडाळी असते. यावरनं घाबरून अँप दुरुस्तीला नेणारे लोक आहेत, एक मी स्वतः.

टप्पा ४: जोडणी

अँप बंद, सब बंद, दोघांचे प्लग भिंतीतनं बाहेर. अँप चालू होता तर व्हॉल्व्ह गार होऊ द्या. अँपचं खालचं झाकण कुठल्याही कारणानं उघडायचं नाही, आत ३००-४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात.

१. आधी मीटरनं अँपच्या डाव्या आणि उजव्या मायनसमध्ये रेझिस्टन्स बघा. शून्याच्या जवळ आला तर दोन्ही आतनं एकच आहेत, पुढं चला. उघडं, म्हणजे आत जोडच नाही असं दाखवलं तर दोन्ही मायनस सबच्या काळ्या वायरीनं एकत्र करायचे नाहीत, अँप बनवणाऱ्याला विचारा, आणि तोवर एकाच चॅनलचे प्लस-मायनस सबला द्या. रेकॉर्डवर खालचा बेस बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखाच कापलेला असतो, त्यामुळं फार काही जात नाही.

२. काळी वायर अँपच्या मायनसला, जिथं ० किंवा कॉम लिहिलंय तिथं.

३. लाल आणि पिवळी त्या-त्या बाजूच्या प्लसला, आणि ज्या टॅपवर (अँपच्या मागं ४, ८ ओहम लिहिलेल्या टर्मिनलवर) स्पीकर आहे त्याच टॅपवर. स्पीकर ८ ओहमवर असेल तर सबही ८ वर. 'रिकामा आहे म्हणून ४ ओहमवर लावला' हे मी तीन घरांत ऐकलं. जळत काही नाही, पण सिग्नल कमी मिळतो आणि उगाच डोकं खाजवत बसता.

४. स्पीकरच्या वायरी जशा होत्या तशाच. काही सबवर हाय लेव्हल आउट पण असतं, स्पीकर त्यातनं फिरवून न्यायचे नाहीत.

५. वायरी एकदा हलक्या ओढून बघा. मग प्लग घाला. सबचा गेन शून्य, क्रॉसओव्हर सगळ्यात खाली, ऑटो स्टँडबाय बंद करून 'ऑन'. ऑटोवर ठेवलं की विलंबित ख्यालात सब झोपतो आणि द्रुत चालू झाल्यावर ढप्प करून उठतो.

सावध, आणि हे दोनदा वाचा: 'नुसता सब कसा वाजतो बघू' म्हणून स्पीकर काढून अँप चालवायचा नाही. सबची हाय लेव्हल वायर अँपच्या दृष्टीनं भार नाहीच. व्हॉल्व्ह अँप बिनभाराचा चालला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि पूर्ण अँपमध्ये सगळ्यात महाग भाग तोच.

अँपला प्री आउट असेल आणि ते वापरायचं असेल तर वापरा, पण व्हॉल्यूम फिरवल्यावर त्याचा आवाज बदलतो का बघा. टेप आउट किंवा रेक आउटला सब लावणं ही फार जुनी चूक आहे. तिथला सिग्नल व्हॉल्यूमच्या आधीचा असतो, रात्री आवाज बारीक केला तरी सब आपला त्याच जोरात. फोनो स्टेजमधनं वाय जोडणी काढली तरी तेच होतं.

टप्पा ५: हम (मेनची सततची गुणगुण) शोधा, एकेक पायरी चढत

अजून रेकॉर्ड नाही. गेन एक तृतीयांश करा आणि सबजवळ कान न्या.

वायर काढलेला नुसता सब, फक्त मेनला: इथंच हम आली तर दोष सबचा, दुकानात परत. वायर जोडून अँप बंद: हम आली तर वायर किंवा अर्थिंगचा लूप (अर्थ दोन वाटांनी जुळून झालेला फेरा). अँप चालू, सिलेक्टर सीडी किंवा ऑक्सवर, व्हॉल्यूम शून्य: इथं वाढली तर अँप-सबचा लूप. सिलेक्टर फोनोवर: इथंच वाढली तर टर्नटेबलची अर्थ वायर ढिली आहे, किंवा सब कार्ट्रिजच्या जवळ आहे आणि त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र कार्ट्रिज पकडतंय. सब फूटभर सरकवून हम बदलली तर हेच कारण.

लूपवर पहिला उपाय, सगळं एकाच बोर्डवर. अँप हॉलच्या बोर्डवर आणि सब खिडकीजवळच्या बोर्डवर असं असेल तर एक चांगलं थ्री पिन एक्स्टेंशन घ्या आणि दोन्ही त्याच्यावर. निम्म्या घरांत इथंच प्रश्न सुटतो. फोनोची वायर मेनच्या वायरीबरोबर बांधू नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

सावध: अर्थची पिन तोडून किंवा टू पिन अडॅप्टर लावून हम घालवायची नाही. हम जाते हे खरं, पण मग धातूच्या चॅसिसला फॉल्ट झाला की लूप तुमच्या हातातनं पूर्ण होतो. लाइन लेव्हलनं जोडलं असेल तर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, चांगला घ्या, स्वस्तातला खालचा बेस खातो आणि मग सब आणलाच कशाला.

टप्पा ६: सबला जागा शोधा

सब कुठं मावतो हा प्रश्न नाही, कुठं नीट वाजतो हा प्रश्न आहे. दोन्हीचं उत्तर एक आलं तर देवाची कृपा.

खोली बेसला खेळवते. लांबी फुटात मोजा आणि ५६५ ला तिनं भागा. १२ फुटाला ४७ हर्ट्झ, १० फुटाला ५६, १५ फुटाला ३८ च्या आसपास. त्या त्या फ्रीक्वेन्सीला खोली घुमणार, सब कुठल्याही कंपनीचा असला तरी. १० बाय १० ची चौरस खोली सगळ्यात वाईट, कारण लांबी-रुंदी दोन्हींचा घुमारा एकावर एक चढतो. आणि कोपऱ्यात सब ठेवला की हे सगळे घुमारे एकदम जागे होतात, म्हणून कोपरा शेवटचा पर्याय.

पद्धत जुनी आहे पण तिला तोड नाही. तुम्ही बसता त्या खुर्चीच्या जागी सब ठेवा. फोनवरनं अँपच्या ऑक्सला बेसची चाल वर-खाली जाणारं गाणं लावा, डबल बेस किंवा बेस गिटार, ज्याची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची असते. रेकॉर्ड लावू नका, मधेच उठावं लागतं आणि तुम्ही जमिनीवर रांगत असणार. हो, रांगायचं. सब जिथं ठेवता येईल अशा सगळ्या जागी गुडघ्यावर जाऊन डोकं सबच्या उंचीला ठेवून ऐका. एका जागी एक सूर फुगेल आणि दुसरा गायब होईल, दुसऱ्या जागी सगळे सूर सारखे ऐकू येतील. ती जागा खडूनं खूण करा आणि सब तिथं न्या. घरचे हसतील, हसू द्या.

दोन अटी. सब आणि टर्नटेबल एकाच भिंतीला, एकाच कोपऱ्यात नको. आणि टर्नटेबलची स्वतःची जागा अशा ठिकाणी नको जिथं बेस साठतो, म्हणजे परत कोपरा.

फरशीवर सब तसाच ठेवा. लाकडी तक्तपोशीवर मात्र खाली जाड रबर किंवा दाट फोम, आणि अणकुचीदार पाय तर मुळीच नको.

टप्पा ७: क्रॉसओव्हर, फेज, गेन, याच क्रमानं

तुमच्या नेहमीच्या खुर्चीत बसा. नॉब फिरवायला दुसरं कुणीतरी पाहिजे. एकट्यानं उठ-बस करत लावलेला सब कधीच नीट लागत नाही, कारण खुर्चीपासनं सबपर्यंत जाईस्तोवर कानातला आवाज विसरलेला असतो.

क्रॉसओव्हर. गेन जरासा वाढवा, ऐकू येण्यापुरता. क्रॉसओव्हर अगदी खाली आहे, तिथनं हळूहळू वर. बुकशेल्फला बहुतेक वेळा ५५ ते ७५ च्या मधे जमतं, टॉवरला ४० ते ५०. नॉबवरचे आकडे अंदाजाचे असतात, त्यांच्यावर जीव टाकू नका. पुरुष गायकाचा आवाज जाड, नाकातनं आल्यासारखा व्हायला लागला की पुढं गेलात, मागं या. लोक ८० हे पवित्र धरून बसतात, ते होम थिएटरचं आहे. तिथं स्पीकरला खालचा बेस कापून देतात, इथं स्पीकर पूर्ण वाजतोय आणि सब फक्त त्याच्या खाली पाट सरकवतोय.

फेज, म्हणजे सब आणि स्पीकरचे कोन एकदमच पुढं येतात की उलटसुलट. ० आणि १८० चा स्विच. ६० हर्ट्झचा टोन फोनवरनं अगदी बारीक आवाजात लावा आणि दोन्ही बाजू ऐका. खुर्चीत ज्या बाजूला जास्त भरीव येतो ती बरोबर. काही अँप फेज उलटा करतात, त्यामुळं 'पुस्तकात ० लिहिलंय' याला अर्थ नाही. फरकच कळत नसेल तर क्रॉसओव्हर बहुतेक फार खाली आहे.

गेन. आता वाढवत जा, सब आहे हे कळलं की थांबा, आणि तिथनं थोडा मागं. फोनवरच्या डेसिबल अ‍ॅपवर भरवसा ठेवू नका, फोनच्या माइकला खालचं ऐकू येत नाही.

माझी स्वतःची परीक्षा तंबोऱ्याची आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाची रेकॉर्ड घ्या, तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे बरोबर सब आणि स्पीकरच्या सांध्यावर. तंबोऱ्यात मूळ सुरापेक्षा वरचे सूरच जास्त बोलतात, त्यामुळं नीट लागलेल्या सेटवर खर्ज जाणवतो, पण वेगळा काढून दाखवता येत नाही. दर चौथ्या तारेला जमिनीतनं 'हूं' येत असेल तर गेन जास्त आहे किंवा क्रॉसओव्हर वर. मग डग्गा ऐका. घुमवताना सूर सरकत गेला पाहिजे, मधेच एका जागी फुगला तर तो तुमच्या खोलीचा घुमारा, सब अर्धा फूट सरकवा. नाट्यसंगीताची जुनी रेकॉर्ड लावून सब बसवू नका, तिच्यात एवढ्या खाली काही नसतंच, आणि आहे असं वाटलं तर ती घरघर आहे.

तपासणी: गाणं चालू असताना सोबत्याला सबचा गेन शून्य करायला सांगा, कधी करणार ते न सांगता. आवाज 'कमी' झाला असं वाटलं तर तुम्ही जास्त लावला होता. खोली लहान झाल्यासारखी, गायक जरा भिंतीला चिकटल्यासारखा वाटला तर नाद खुळा, नॉबच्या जागी पेन्सिलची खूण करा.

एक आगाऊ उद्योग काही जण करतात. छोट्या अँपचा भार हलका करायला अँपच्या इनपुटला सिरीजमध्ये कपॅसिटर घालून बेस कापतात. १०० किलोओहम इनपुटला ०.०२२ मायक्रोफॅरड घातला की ७२ हर्ट्झच्या खाली उतार सुरू होतो. कल्पना चांगली आहे, पण मग अँपच्या आउटपुटलाच बेस कमी येतो आणि हाय लेव्हलवरचा सब उपाशी राहतो. हे करायचं तर सबला सिग्नल कपॅसिटरच्या आधी आणि व्हॉल्यूमच्या नंतर मिळाला पाहिजे, म्हणजे वेगळा प्रीअँप लागतो. इंटिग्रेटेडवाल्यांनी सोडून द्या.

टप्पा ८: परत टर्नटेबलकडं

टप्पा २ मधली स्थिर रेकॉर्डची तपासणी आता सब चालू ठेवून करा. लिहून ठेवलेल्या व्हॉल्यूमच्या जवळपास यायला पाहिजे. त्याच्या बरंच आधी हुंकार आला तर गेन कमी करू नका, आधी बैठक बघा, मग सबची जागा, मग झाकण. वाजताना बंद ठेवलेलं प्लास्टिकचं झाकण हवेतला बेस पकडून टर्नटेबलला देतं, काढून बाजूला ठेवा आणि परत ऐका. बऱ्याच जणांचा प्रश्न एवढ्यावर मिटतो आणि धुळीचा नवीन चालू होतो.

नंतर खडखड शोधा. ४० ते ८० हर्ट्झचा सरकता टोन बारीक आवाजात लावला की शोकेसच्या काचा, लोखंडी कपाटाचं हँडल, शेजारच्या खोलीतल्या मांडणीवरची भांडी, भिंतीवरची फ्रेम, एकेक हजेरी लावतात. हा आवाज सब फाटल्यासारखा येतो म्हणून लोक सब बदलून आणतात. कागदाची घडी किंवा फेल्टचा तुकडा पुरतो.

रोजचा क्रम

चालू करताना आधी फोनो स्टेज आणि टर्नटेबल, मग अँप, व्हॉल्व्ह तापू द्या, शेवटी सब. बंद करताना उलट, सब पहिला. निडल ठेवताना आणि उचलताना व्हॉल्यूम खाली, नाहीतर तो 'ढप्प' आता ८ इंची कोनवर बसतो.

आणि पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा अंधारात पहिला हात टोनआर्मकडं, निडल उचला. मग सबचा स्विच बंद, मग अँपचा. लाईट परत आली की अँप, सब आणि फिरायला लागलेली रेकॉर्ड तिन्ही एकदम उठतात, आणि तोवर तुम्ही मेणबत्ती शोधत आत गेलेले असता.